उणे एकशे शहाण्णव

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बर्फ कारखाना
बंद पडून सात वर्षं झाली, तरी बाबा
संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो,
डाव्या कुशीतला व्रण तळहाताने सावरत.
मूत्रपिंड बांबोळीला राहिलं.
फुप्फुसात मार्चमध्ये सहा ठिपके. जूनमध्ये नऊ.

"तू थय पुण्याक नक्की काय करतंस गो?"
मला नोकरी लागून अकरा वर्षं झाल्यावर
पहिल्यांदा विचारलं त्याने.

मी म्हटलं, रक्तातल्या पेशी घेते, पहाऱ्यावरच्या.
त्यांना एक नवा हात लावते.
त्या हाताला एकच खूण कळते,
मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या अंगावरची.
खुणेचं नाव सीडी-सत्तर.
"माका येकाहत्तर झाली," तो म्हणाला.
मग त्या वाढवते. मग गोठवते,
उणे एकशे शहाण्णवला.

इथे तो सरळ बसला.
हा आकडा त्याच्या धंद्यातला होता.
"आमचा मिठाचा पाणी उणे धा,
थयच कंप्रेसर रडाक लागे.
पण मेल्लो मासो बर्फात घालतत, बाय.
जितो कोण घालता?"
आम्ही घालतो.
"आनि मगे ती उठतत?"
दहातल्या आठ.
"दोन?"
त्यांच्या आत बर्फाच्या सुया होतात.
त्याने मान हलवली. सुया त्याला ठाऊक होत्या,
रखडत गोठलेल्या सुरमईचं मांस
बोटाखाली कसं पिठूळ लागतं तेही.

पुढचं सांगायचं नव्हतं मला.
पण कारखान्याच्या गंजल्या आकड्याकडे बघत
तो थांबून राहिला होता.

अडचण अशी, बाबा, की लढायला उठल्या
की तीच खूण आमच्या पेशींवरही उमटते,
थोडा वेळ. तेवढा पुरतो.
त्या एकमेकींवर धावतात.
शुक्रवारी भरलेली डिश सोमवारी बघावी
तर तळाला नुसता गाळ,
आणि कॅन्सर मजेत, दुप्पट झालेला.
दोन वर्षं आम्ही हेच मोजत होतो.

"भाऊबंदकी," बाबा म्हणाला.

परिषदांमधून मी या गोष्टीला
लांबलचक नावाने हाक मारत आले.
मी गप्प झाले, कारण तोही गप्प झाला होता.
सव्वातीन गुंठे, सामाईक फणस,
कुडाळच्या कोर्टात एकोणीस वर्षं.
सुभानकाका गेला त्या सकाळी
बाबा गडग्यापर्यंत गेला होता,
चिऱ्यावर हात ठेवून उभा राहिला,
आणि परत येऊन न्हाणीत पाणी तापवत बसला.

"मगे काय केलंत?"
खूणच काढली, लढणाऱ्यांच्या अंगावरची.
जिथे लिहिलेली होती तिथूनच खोडली.
आता त्या एकमेकींना सोडून देतात.
"अशी खोडूक येता?"
पेशीत येते.

मांडवीच्या पुलावर दिवे लागले.
एक ट्रॉलर आत आला, दुसऱ्या गावाचा बर्फ घेऊन.
"आनि माज्यात?" त्याने विचारलं,
उद्याच्या गाडीची वेळ विचारावी तसं.

अजून उंदरांत आहे, बाबा.
मग मंजुरी. मग माणसं, मोजकी.
मग त्यांच्याकडे बघत थांबायचं. मग...
मी मग मग करत राहिले.
त्याने हात वर करून मला थांबवलं.

"लादी गोठाक अठरा तास लागत.
होडयेवाले बोंबलत, आईबापूस काढीत.
पण मधी पाणी असलेली लादी
मी कधी कोणाक दिलंय नाय.
तूय दिव नको."

घरी जाताना त्याने माझा खांदा धरला,
चढ होता म्हणून.

मंगळवारची डिश शनिवारीही जिवंत होती.
फोन करून सांगितलं.
"बरा," म्हणाला. खोकला. मग म्हणाला,
"त्या टाकीचा झाकण नीट लाव हां,
थंडी भायर जाता."
आणि फोन आईकडे दिला.